'ध्रुवतारा' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

हे खाली प्रतिक्रियेतच लिहिणार होतो पण त्या एवढ्याशा चौकटीत मावेना म्हणून वेगळी पोस्ट टाकतोय. ज्यांनी मागचा बॅरेंट्स समुद्रावरचा (रशिया आणि नॉर्वेच्या उत्तरेचा, आर्क्टिकमधला समुद्र) लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी, 'ध्रुवतारा' नावाने कुणीतरी (बाई की बुवा माहीत नाही, फोटो नाही, नाव नाही) अशी प्रतिक्रिया दिली आहे, जशीच्या तशी देतो:

"निराशा झाली. बॅरेंट्सने हा समुद्र 'शोधला' म्हणे, मग पोमोर लोक आधीपासून तिथे मासे मारत होते ते काय डोळे मिटून? अर्खांगेल्स्क बॅरेंट्स समुद्रावर नाही, श्वेत समुद्रावर आहे. नोवाया झेम्ल्यावरच्या बॉम्बला तीन परिच्छेद आणि त्या बेटावरून उठवलेल्या नेनेत्स लोकांना शून्य ओळी. एकूण घरात बसून, नकाशा समोर ठेवून लिहिलेला लेख. त्या किनाऱ्यावर माणसं राहतात याचा लेखकाला पत्ता नसावा."

(नवख्यांसाठी: बॅरेंट्स म्हणजे ज्याचं नाव समुद्राला आहे तो डच दर्यावर्दी, पोमोर म्हणजे श्वेत समुद्राकाठचे रशियन लोक, नेनेत्स म्हणजे उत्तरेतले रेनडिअर पाळणारे मूळ लोक, आणि नोवाया झेम्ल्या ही त्या समुद्राच्या पूर्वेची रशियन बेटं, जिथे अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या.) आता पहिल्यांदा चूक कबूल करतो, कारण मी चूक मान्य करत नाही असं कुणी म्हणायला नको. अर्खांगेल्स्क श्वेत समुद्राच्याच बाजूला आहे, उत्तर द्विना नदीच्या मुखाशी. माझ्या डोक्यात होतं, हातातून उतरताना घसरलं. दुरुस्त केलंय. धन्यवाद.

पण हेच "अर्खांगेल्स्कचं जरा बघाल का" असं म्हणता आलं असतं की नाही? नऊ वर्षं ब्लॉग लिहितोय, एक पैसा मिळत नाही, रात्री जेवणं उरकल्यावर लिहितो. "निराशा झाली" म्हणे. तुम्ही तिकीट काढून आला होता का?

बरं, मुद्द्यावर येतो. घरात बसून, नकाशा समोर ठेवून. हे वाक्य मी तीनदा वाचलं. बायकोला पण वाचून दाखवलं, ती म्हणाली सोडून द्या. नाही सोडत.

मी अकरा वर्षं बोटीवर होतो, इंजिनरूममध्ये. डिसेंबर २००७ मध्ये थर्ड इंजिनीअर असताना आमची बल्क कॅरियर (सुटा माल नेणारी बोट) रशियातल्या मुर्मान्स्कला कोळसा भरायला गेली होती. मुर्मान्स्क म्हणजे जवळजवळ ६९ अंश उत्तर, आर्क्टिक वृत्ताच्या वर एवढं मोठं शहर जगात दुसरं नाही. तिथे साधारण २ डिसेंबरपासून ११ जानेवारीपर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी बाराच्या सुमाराला दीड-दोन तास निळसर उजेड यायचा, आपल्याकडे पहाटे कोंबडा आरवायच्या आधी असतो ना तसला, आणि परत काळोख. हे नकाशावर दिसत नाही हो.

आणि समुद्र गोठत नाही हे तर तुम्हाला माहीतच असेल, उत्तर अटलांटिकचा कोमट प्रवाह तिथपर्यंत पोचतो म्हणून. पण गोठत नाही म्हणजे काय दिसतं ते सांगतो. बाहेर उणे २२-२३ आणि खाडीचं पाणी शून्याच्या जरासं वर. त्यामुळे अख्ख्या कोलाच्या खाडीतून, म्हणजे मुर्मान्स्क जिच्या काठी आहे तिच्यातून, वाफ निघत असते, चहाच्या टोपातून निघावी तशी, माणसाच्या कमरेइतकी, कधी दोन मजल्यांइतकी. ड्राफ्ट सर्व्हेच्या (बोट किती बुडाली त्यावरून माल मोजायच्या) वेळी सर्व्हेअर आणि आमचा चीफ ऑफिसर छोट्या होडीतून बोटीच्या अंगावरचे आकडे वाचायला गेले तर टॉर्च मारून पण आकडा दिसेना, वाफ बाजूला होईपर्यंत दोघं नुसते थांबून राहिले होते. मी वर रेलिंगपाशी उभा होतो, ग्लोव्ह काढून एकदा रेलिंगला हात लावला आणि कातडं चिकटलं. ती खूण डाव्या करंगळीखाली अजून आहे, फोटो टाकू का?

इंजिनरूममध्ये वेगळीच कथा. तुलोमा नदीचं गोडं पाणी त्या खाडीत वरच्या टोकाला येतं, ते पटकन गोठतं, आणि त्याचा चिखलासारखा बर्फ सी चेस्टच्या (समुद्राचं पाणी बोटीत घ्यायच्या पेटीच्या) गाळणीत येऊन बसायचा. दर वॉचला (पाळीला) गाळणी उघडा, बादलीने बर्फ काढा, बंद करा, पुन्हा उघडा. वर डेकवरच्या फायर लाइन (आग विझवायच्या पाण्याचे पाइप) रिकाम्या करून ठेवलेल्या, नाहीतर पाइपच फुटतो. आणि धक्क्यावर रात्रभर धाड धाड आवाज, कारण वाघिणींमधला कोळसा गोठून दगड झालेला असतो, तो सुटा केल्याशिवाय उतरत नाही. पाच दिवस झोप नाही.

हो, पाच दिवस. आणि शहरात फिरायला मिळाले सहा तास. माहीत आहे पुढची प्रतिक्रिया काय येणार, म्हणून मीच सांगून टाकतो. सहा तास. सहा मिनिटं गूगल करून दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यापेक्षा बरे.

आणि माणसं? आमच्या एजंटाकडचा एक पोरगा गाडीतून वर टेकडीवर आल्योशाचा पुतळा दाखवायला घेऊन गेला, दुसऱ्या महायुद्धातला तो सैनिक, चौथऱ्यासकट ४२ मीटरच्या वर. मी त्याला विचारलं, तू इथलाच का. तो हसला. म्हणाला इथलं कुणीच नाही, सगळे कुठून ना कुठून आलेले, आजोबा पगार जास्त मिळतो म्हणून आले आणि राहिले. बरोबरच आहे, शहरच १९१६ सालचं, पहिल्या महायुद्धात रशियाला न गोठणारं बंदर हवं होतं म्हणून रेल्वे टाकली, तीही बरीचशी युद्धकैद्यांच्या हातून. आधी नाव होतं 'रोमानोव्ह-ना-मुर्माने', पुढच्याच वर्षी झार गेला आणि नावातून रोमानोव्हही गेला. सोव्हिएत काळात उत्तरेचा भत्ता मिळायचा म्हणून लोक येत राहिले, १९८९ ला ४ लाख ६८ हजार होते, २०२१ च्या जनगणनेत २ लाख ७० हजार. तो पोरगा पण म्हणत होता की पीटर्सबर्गला जायचंय. आता सांगा, मला माणसं दिसली नाहीत?

अजून एक सांगतो. आमचा सारंग (खलाशांचा मुकादम) दाभोळचा, इंग्रजी यथातथाच, आणि धक्क्यावरचा रशियन फोरमन इंग्रजीत शून्य. पण दोघांचं पाच दिवस काम चाललं. "कोल फिनिश, नो गुड, हॅच थ्री, दावाय दावाय." (दावाय म्हणजे रशियनमध्ये 'चला, आटपा'.) शेवटी शेवटी सारंग त्याला मराठीत शिव्या घालायचा आणि त्याला त्या कळायच्याही. नंतर वाचलं तेव्हा कळलं की याच किनाऱ्यावर दोनेकशे वर्षांपूर्वी अशी आख्खी कामचलाऊ भाषा होती, रुसेनॉर्स्क. पोमोर लोक राईचं पीठ घेऊन नॉर्वेच्या बाजूला जायचे, वार्डो वगैरे गावांत, आणि बदल्यात मासे आणायचे, आणि बोलायचे निम्मं रशियन निम्मं नॉर्वेजियन. तिला 'मोया पो त्वोया' असंही म्हणत, म्हणजे साधारण 'माझं तुझ्यात'. क्रांती झाली, व्यापार थांबला, भाषा गेली. तेव्हा पोमोर कोण हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही.

आता 'शोधला' या शब्दाबद्दल. अहो शब्द आहे तो. बोलताना आपण म्हणतोच की. विलेम बॅरेंट्स डच, १५९४, १५९५ आणि १५९६ अशा तीन सफरी, तिसऱ्यात जहाज बर्फात अडकलं, नोवाया झेम्ल्यावर वाहून आलेल्या आणि जहाजाच्या लाकडाची खोपटी बांधून १७ जणांनी हिवाळा काढला, उन्हाळ्यात दोन उघड्या होड्यांतून निघाले आणि बॅरेंट्स वाटेतच गेला, जून १५९७. उरलेल्या बाराजणांना पुढे किनाऱ्याला रशियन लोक भेटले, त्यांनी खायला दिलं, आणि मग कोला गावात त्यांना आपलंच एक डच जहाज सापडलं. हे सगळं मी मागच्या लेखात दिलंय, म्हणजे तिथे आधीपासून माणसं होती, होड्या होत्या, गाव होतं हे माझ्याच लेखात आहे! मग मी काय नाकारलं? आणि बॅरेंट्सचं नाव तर समुद्राला १९व्या शतकात लागलं, त्याआधी रशियन लोक मुर्मान समुद्र म्हणायचे. गंमत म्हणजे 'मुर्मान' हा शब्द 'नॉर्मन'वरूनच आलाय असं सांगतात, म्हणजे रशियनांच्या आधी तिथे नॉर्वेवाले. आणि त्यांच्याही आधी सामी, तिथले मूळ लोक, रेनडिअर घेऊन. असं मागे मागे जायचं म्हटलं तर लेखाला शीर्षकच देता येणार नाही. तरी 'शोधला'च्या जागी 'पालथा घातला' करू शकतो. बघू.

राहिले नेनेत्स. लेख दीड हजार शब्दांचा होता, सगळ्यांना घेता येत नाही. माहीत नाही असं नाही. १८७०च्या दशकात रशियाने आपला हक्क दाखवायला त्यांना त्या बेटावर नेऊन वसवलं, १९५४ ला तिथे अणुचाचणीचं क्षेत्र केलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळ्यांना मुख्य भूमीवर हलवलं. त्यांच्यातलाच टायको विल्का, चित्रकार, बेटाच्या सोव्हिएतचा (स्थानिक परिषदेचा) वर्षानुवर्षं प्रमुख, त्यालाही अर्खांगेल्स्कला जावं लागलं आणि तिथेच १९६० ला तो वारला. पुढच्या वर्षी ३० ऑक्टोबरला त्याच्या बेटावर ५० मेगाटनचा झार बॉम्ब, म्हणजे आजवर फोडलेला सगळ्यात मोठा अणुबॉम्ब. बॉम्बला तीन परिच्छेद दिले कारण लोक बॉम्बबद्दल वाचतात, नेनेत्सबद्दल किती जण वाचतील ते मला माहीत आहे, आकडे मला दिसतात, तुम्हाला नाही.

(जाता जाता. कुणीतरी खाली विचारलंय की आपल्या विक्रमादित्यच्या (रशियाकडून घेतलेली विमानवाहू युद्धनौका) चाचण्या याच समुद्रात झाल्या का. हो, २०१२ मध्ये बॅरेंट्स समुद्रात पण झाल्या. नौदलात दाखल झाली नोव्हेंबर २०१३ ला सेवेरोद्विन्स्कला. तेही श्वेत समुद्रावरच आहे, बरं का ध्रुवतारा, या वेळी नीट लिहिलंय.)

तर अर्खांगेल्स्क दुरुस्त केलंय, बाकी लेख आहे तसा राहील. पुढचा भाग कोला द्वीपकल्प आणि नोवाया झेम्ल्याच्या जुन्या वस्त्यांवर आहे, त्यात सामी आणि नेनेत्स दोन्ही येतील. हे आधीपासून ठरलेलं होतं. तुमच्या प्रतिक्रियेमुळे नाही.