एक-चौदा आणि माडीवरच्या दोन खोल्या

काल गोव्यात, पेडण्याच्या बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर भाजीपाव संपत आला आणि विषय निघाला सिद्धेशच्या खोलीचा. पोरगा मोपाला एअरपोर्टवर नोकरीला, लग्न ठरलंय, आणि घरमालक म्हणतो ऑक्टोबरपर्यंत खाली कर, सीझनला रशियन येतात. दोन वर्षांत ही तिसरी खोली.

रघुकाकांनी लगेच टेप लावली. "आम्ही पै पै साठवून घर उभं केलं. तुमचं आधी बुलेट, मग आयफोन, मग घर आठवतं."

सिद्धेश भडकलाच. "काका, घर तुम्ही बांधलं, मान्य, पण जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची होती ना? दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठी १९७५ चा मुंडकार कायदा आला म्हणून त्याला तुम्हाला हाकलता आलं नाही, वर घराखालची जागा विकत घ्यायचा हक्क पण मिळाला, गावात ३०० चौरस मीटरपर्यंत. आमच्या वाट्याला काय आलं? नगरनियोजन कायद्यात २०२३ ला कलम १७(२), २०२४ ला ३९ए! शेताचा झोन बदला आणि दिल्लीवाल्याचा व्हिला उठवा."

"फुकट नाय मिळालं रे, मामलेदाराकडे चपला झिजल्या माझ्या."

ते पण खरं. काकांची ती केसच्या तारखांची दोनशेपानी वही आम्ही सगळ्यांनी बघितलीय, पानंच्या पानं नुसतं 'भाटकाराचा वकील आजारी, पुढची तारीख'.

मंगेश मध्येच म्हणाला, हद्दीपलीकडे महाराष्ट्रात बांद्याला फ्लॅट बघ, स्वस्त पडेल. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मला विचाराल तर घरं कमी आहेत हेच मला पटत नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं होतं, आणि तेव्हा मोपा एअरपोर्ट सुरूसुद्धा झाला नव्हता. सिद्धेशचंच घ्या ना, धारगळला आजोबांचं घर आहे, पण एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, ११ नावं, त्यातली तीन माणसं कधीच गेली, त्यांचे वारस मुंबईला, आणि आपल्याकडे वारसाबरोबर त्याच्या नवऱ्याची नायतर बायकोची पण सही लागते, त्यात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कोर्टकेस, घालायची तर खर्च कोणी करायचा यावरूनच काका-पुतणे बोलत नाहीत. पावसात मागची भिंत पडली तरी कौल बदलायला कोण जात नाही. हे त्याला बोललो तर म्हणतो, तू कोणाच्या बाजूने आहेस?

मग तो एकदम शांत झाला, चहाचा ग्लास ठेवला.

"काका, तुमच्या माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या असतात ना? मला द्या. वर्षभर भाडं देतो, दर महिन्याच्या एक तारखेला हातात."

काकांनी उरलेला पाव भाजीत बुडवला. त्या खोल्या त्यांच्या मुलाने दोन वर्षांपूर्वीच एअरबीएनबीवर टाकल्यात, हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक.

"डिसेंबर-जानेवारी सोडून बोल," काका म्हणाले.