पिकू द्या की जरा!

मोतीबिंदू झालेल्या माणसाला दिसते कमी आणि ऐकावे लागते फार, हा अनुभव मी सध्या गाठीशी बांधतो आहे. डॉक्टरांनी थेंब घालून, बाहुली मोठी करून उजवा डोळा तपासला आणि "आता करून टाकू" असे म्हटले, तेव्हा मी विचारले, "पण पिकलाय का तो?" हा प्रश्न आमच्या घरात वंशपरंपरेने चालत आलेला आहे. आजीचा मोतीबिंदू पिकेपर्यंत सर्वांनी वाट पाहिली होती. मग शस्त्रक्रियेनंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून तिला दिवसचे दिवस उताणे निजवले, खोकायचे नाही, शिंकायचे नाही अशी ताकीद दिली आणि शेवटी एक भला जाड चष्मा हाती ठेवला, ज्यातून तिला आम्ही नातवंडे वाजवीपेक्षा मोठी दिसत असू. (खाऊचा वाटा मात्र त्या प्रमाणात वाढला नाही.)

डॉक्टरांनी समजावून सांगितले की आता अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून, ध्वनिलहरींनी आतल्या भिंगाचा चुरा करून तो ओढून घेतात आणि त्या जागी घडी घातलेले कृत्रिम भिंग सरकवतात. थांबले तर मूळ भिंग अधिक कडक होते, ते फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि डोळ्याला त्रासही जास्त होतो. हे सारे मला तत्काळ पटले. तरीही मी तयार झालो नाही, कारण पटणे हे बुद्धीचे काम आहे आणि टेबलावर आडवे होणे हे अंगाचे.

मग माझे शिक्षण सुरू झाले. शेजारच्या निवृत्त अभियंत्यांनी सांगितले की युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेसारख्या प्लॅस्टिकचे तुकडे घुसूनही डोळा चिडत नाही, हे लक्षात आल्यावर हॅरॉल्ड रिडली यांनी 1949 मध्ये लंडनला पहिले कृत्रिम भिंग बसवले आणि चार्ल्स केलमन यांना ध्वनिलहरींची कल्पना दंतवैद्याच्या खुर्चीत सुचली. त्यांच्या मते यातून धीर यायला हवा होता. मला मात्र डोळ्यात घुसलेले तुकडे आणि दंतवैद्याची खुर्ची एवढेच आठवत राहिले.

रुग्णालयातल्या समुपदेशक मुलीने प्लॅस्टिकचा डोळा उघडून त्यातले भिंग माझ्या तळहातावर ठेवले आणि साड्यांच्या दुकानात घड्या उलगडाव्यात तशी एकेक जात माझ्यापुढे मांडली: एकाच अंतरावरचे दाखवणारे, लांबचे-जवळचे दोन्ही दाखवणारे, तिरकस नंबर घालवणारे, देशी, परदेशी. भिंग निवडायचे मी आणि घाम फुटायचा विमा कंपनीला, असा तो प्रसंग होता. "काका, इंजेक्शनसुद्धा नाही हं, नुसते थेंब. तुम्ही पूर्ण जागे असणार!" असे ती हसून म्हणाली, आणि माझी उरलीसुरली तयारी तिथेच संपली. माझ्या डोळ्यादेखत माझाच डोळा कापला जाणार आणि ऐन वेळी माझी पापणी मिटली तर? एवढ्या वयाच्या माणसाने हे विचारायचे कसे, म्हणून मी माहितीपत्रकाची घडी घालून खिशात ठेवली आणि लग्नसराईची सबब पुढे केली.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकू मटार सोलता सोलता, मी न विचारताच बोलून गेल्या, "पापणी मिटताच येत नाही हो, चिमटा लावतात. वर नुसता लखलखाट दिसतो, माणूस ना काणूस. तोंडावर कापड असतं, जीव घाबरतो थोडा, पण नळीतून वारा सोडतात. आणि खोकला आला तर आधी सांगायचं." मी त्याच संध्याकाळी तारीख घेतली.

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. काकूंच्या वर्णनात खोट नव्हती. महिनाभर थेंबांचे वेळापत्रक सांभाळणे आणि डोळ्यात पाणी जाऊ न देणे हेच खरे कष्टाचे काम. गंमत पुढे आहे. एकेक डोळा आळीपाळीने झाकला की माझा पांढरा सदरा उजव्याला शुभ्र दिसतो आणि डाव्याला चहा सांडल्यासारखा पिवळट. म्हणून डाव्याची तारीख मागायला मी आपण होऊन गेलो. त्या मुलीने पुन्हा प्लॅस्टिकचा डोळा बाहेर काढला. मला सगळे ठाऊक आहे म्हटले, तर प्रत्येक डोळ्यामागे माहिती द्यावीच लागते असे ती म्हणाली. मी माहितीपत्रक हातात घेऊन चिमट्याचे चित्र कोणत्या पानावर आहे ते विचारले. तिने सगळी पाने उलटून पाहिली. ते कुठेच नव्हते.