ड्रोनचं फुटेज आणि ‘थेट रिझॉल्व्हच शिका’ हा सल्ला

ड्रोन उडवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला सतत फिरत असतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. व्हिडिओ एडिटिंगच्या सोप्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, पहिल्या दिवसापासून डाविंची रिझॉल्व्हच शिका, कारण ते फुकट आहे आणि सिनेमावाले तेच वापरतात. लॅपटॉप कमी पडत असेल तर नवा घ्या. मोबाईलवर ड्रोनचं एडिटिंग होत नाही. शूटिंग कायम लॉगमध्ये (रंग नंतर एडिटिंगमध्ये चढवायच्या फिक्या चित्रात) करा, एक्सपोर्ट कायम फोर-केमध्ये करा. आणि फुकटातली बाकी सगळी सॉफ्टवेअर व्हिडिओवर वॉटरमार्क मारतात.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो ऐकून कामाला लागलेली माणसं मी पाहतो. नवा गडी हौसेने सॉफ्टवेअर उतरवतो, दोन-चार रविवार झगडतो, लॅपटॉप हँग होत राहतो आणि शेवटी फुटेज हार्ड डिस्कवर तसंच पडून राहतं. पावसाळ्यातल्या सह्याद्रीचं इतकं सुंदर चित्रण घरच्यांनीही कधी पाहिलेलं नसतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलतो.

आधी रिझॉल्व्ह. सॉफ्टवेअर उत्तम आहे, यात वाद नाही. त्याचा पिंड रंगदुरुस्तीचा आहे. ब्लॅकमॅजिक डिझाईन या ऑस्ट्रेलियन कंपनीने 2009 मध्ये ते घेतलं आणि पुढे त्यात एडिटिंग, आवाज, ग्राफिक्स असं सगळं आणून बसवलं. आज ते उघडलं की खाली मीडिया, कट, एडिट, फ्यूजन, कलर, फेअरलाईट, डिलिव्हर अशी वेगवेगळी पानं दिसतात. फेअरलाईट हे आवाजाचं पान आहे, आणि आपल्या छोट्या ड्रोनवर माइकच नसतो. फ्यूजन ग्राफिक्ससाठी आहे, हौशी माणसाला ते लागत नाही. म्हणजे शिकायचं बरंच काही आणि त्यातलं कामाचं थोडं.

मग कामाचं काय? डीजेआय मिनी 2 चं उदाहरण घेऊ. तो फोर-केमध्ये सेकंदाला 100 मेगाबिटपर्यंत लिहितो, म्हणजे मिनिटाला साधारण 750 एमबी. फाईल चार जीबीच्या आसपास तुटते, त्यामुळे एक क्लिप साडेपाच मिनिटांच्या आसपास भरते. त्या साडेपाच मिनिटांत उड्डाण असतं, जागा शोधणं असतं, कॅमेरा खाली-वर करणं असतं, आणि वापरण्याजोगे पाच-सहा सेकंदांचे दोन-तीन तुकडे असतात. ड्रोनच्या एडिटिंगमधलं निम्म्याहून जास्त काम हे तुकडे वेचण्याचं आहे. त्यामुळे सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: लांब क्लिपमधून तुकडा किती पटकन निघतो?

शॉटकट या फुकट, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरमध्ये हे कसं होतं ते सांगतो. क्लिप उघडायची आणि चालवायची. चांगला भाग सुरू झाला की ‘आय’ दाबायचं, संपला की ‘ओ’, आणि मग ‘ए’. तुकडा टाइमलाईनच्या, म्हणजे तुकडे ओळीने जोडायच्या पट्टीच्या, शेवटी जाऊन बसतो. तीन बटणं, बस्स. कट कुठे मारायचा तेही इथेच लक्षात येतं. स्टिक दाबल्यावर ड्रोन पहिला एखादा सेकंद वेग धरत असतो आणि सोडल्यावर ब्रेक मारतो. ही दोन्ही टोकं काढून टाकली आणि मधला एकसारख्या गतीचा भाग ठेवला, तर साध्या क्लिपलाही सिनेमाची चाल येते. हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये जमतं. रिझॉल्व्हच्या कट पानावरही छान जमतं. पण एवढ्यासाठी आठ जीबी रॅमच्या घरगुती लॅपटॉपवर रिझॉल्व्ह चढवायचं, आणि जीपीयूची (ग्राफिक्स चिपची) मेमरी भरल्याचा निरोप वाचत बसायचं, हे मला पटत नाही. त्याला निदान सोळा जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड हवं.

‘फुकट’ या शब्दाचीही मर्यादा सांगायला हवी. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती खरोखर भरघोस आहे, पण संध्याकाळच्या फुटेजमधले दाणे घालवणारी नॉइज रिडक्शनची सोय तिच्यात नाही. ती 295 डॉलरच्या स्टुडिओ आवृत्तीत मिळते, आणि स्टुडिओतले इफेक्ट फुकट आवृत्तीत लावून पाहिले तर चित्रावर छाप उमटते. छोट्या सेन्सरच्या ड्रोनला तिन्हीसांजेला नेमकी हीच गरज पडते. बाकी, ज्याला रंगांवर मनापासून काम करायचं आहे, ज्याच्याकडे मशीन आहे आणि सवड आहे, त्याने जरूर रिझॉल्व्ह शिकावं. प्रत्येक नवख्याला ते सांगणं चूक आहे, एवढंच माझं म्हणणं.

इथूनच नव्या लॅपटॉपचा मुद्दा निघतो. हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो माणसाला पन्नास-साठ हजारांच्या खड्ड्यात घालतो. ड्रोनचं फुटेज टाइमलाईनवर का अडखळतं? एच.264 आणि एच.265 या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतींत कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. मधूनमधून एखादी पूर्ण फ्रेम साठवतो आणि बाकीच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं याची नोंद ठेवतो. नुसतं बघताना हे चालून जातं. एडिट करताना आपण पुढे-मागे उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला मशीनला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशोब लावत यावं लागतं. यावर उपाय आहे प्रॉक्सी, म्हणजे कामापुरती हलकी प्रत. शॉटकटमध्ये सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीचा पर्याय सुरू करायचा. सॉफ्टवेअर छोट्या प्रती बनवतं, आपण त्यांवर काम करतो आणि एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाईल वापरली जाते. केडेनलाईव्ह या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे आहे, रिझॉल्व्हमध्येही आहे. डीजेआयचे बरेच नवे ड्रोन तर कार्डावर मूळ फाईलशेजारी .एलआरएफ नावाची हलकी फाईल स्वतःच ठेवतात. तिच्या प्रतीचं शेपूट बदलून .एमपी4 केलं की ती साध्या प्लेअरमध्ये चालते, आणि कोणती क्लिप ठेवायची हे ठरवायला तेवढी पुरते. लॅपटॉपचे पैसे खर्च करण्याआधी ही दोन कामं करून पाहा, अशी कळकळीची विनंती आहे.

आता मोबाईल. मोबाईलवर ड्रोनचं फुटेज भुरकट दिसतं अशी तक्रार खूप जण करतात, आणि ती खरीही असते. पण दोष ॲपचा नसतो. उडवताना डीजेआय फ्लाय ॲप फोनमध्ये थेट प्रक्षेपणाची एक प्रत साठवून ठेवतं. ती कमी दर्जाची असते, आणि तिच्यात सिग्नल तुटल्याच्या खुणाही येतात. बरेच जण तीच फाईल मूळ समजून एडिटिंगला घेतात. मूळ फुटेज ड्रोनच्या मेमरी कार्डावर असतं. ते ॲपमधून डाऊनलोड करा किंवा कार्ड रीडर थेट फोनला लावून उतरवा, आणि मग फरक बघा. पूर्ण क्लिप उतरवायचीही गरज नाही, मिनी 2 पासून ॲपमध्येच हवा तेवढा भाग कापून घेता येतो. आजच्या बऱ्याच फोनमध्ये फोर-के व्हिडिओ उलगडायची सोय चिपमध्येच असते, त्यामुळे व्हीएनसारख्या ॲपमध्ये मिनिटभराचा व्हिडिओ कित्येक जुन्या लॅपटॉपपेक्षा सहज होतो. आयफोनवाल्यांना आयमूव्ही आहेच. कॅपकट हे एडिटिंगचं ॲप राहून गेलं असं वाटू नये म्हणून सांगतो. त्यावर भारतात बंदी आहे, तेव्हा इकडून-तिकडून त्याची एपीके (ॲप बसवायची फाईल) आणून फोनमध्ये टाकू नये.

मोबाईलचा खरा तोटा वेगळा आहे. लहान पडद्यावर वाकडं क्षितिज कळत नाही. समुद्राचं चित्रण असेल तर ते हमखास निसटतं, आणि मग मोठ्या टीव्हीवर अख्खा अरबी समुद्र एका बाजूला कललेला दिसतो.

लॉगबद्दल. लॉगमध्ये शूट करा म्हणणारे समोरच्याचा ड्रोन कोणता हे विचारतच नाहीत. परदेशी बनावटीचे तयार ड्रोन भारतात आयात करायला फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच जणांच्या हातात त्याआधी आलेलेच ड्रोन आहेत. मिनी 2 मध्ये लॉग नावाचा पर्यायच नाही. मिनी 3 प्रोमध्ये डी-सिनेलाईक हे फिकं प्रोफाईल आहे. मिनी 4 प्रोमध्ये दहा बिटचा डी-लॉग एम मिळतो, आणि तिथे लॉगला खरा अर्थ आहे. दहा बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या 1024 पायऱ्या असतात, आठ बिटमध्ये फक्त 256. आठ बिटचं फिकं फुटेज ओढूनताणून गडद केलं की निळ्या आकाशात पट्टे उमटतात. त्यावर कुठून तरी उतरवलेलं लट (रंग बदलायचं तयार सूत्र) चढवलं तर आणखी बिघडतं, कारण लट त्या-त्या प्रोफाईलसाठीच बनवलेलं असतं. साध्या नॉर्मल प्रोफाईलमध्ये एक्स्पोजर जरासं कमी ठेवून ढग जपले, तर एडिटिंगमध्ये व्हाईट बॅलन्स आणि थोडा कॉन्ट्रास्ट एवढं बस होतं. हे दोन स्लायडर सगळीकडे असतात.

फोर-के एक्सपोर्टचा आग्रह अर्धा बरोबर आहे. यूट्यूबवर मोठ्या पडद्यासाठी टाकायचं असेल तर फोर-के ठेवा, तिथे फोर-के अपलोडला कॉम्प्रेशन चांगलं मिळतं. पण आपलं बहुतेक फुटेज जातं व्हॉट्सॲपवर, आणि तिथे एचडी निवडलं तरी 720 ओळींचंच पोचतं. शूटिंग फोर-केमध्ये करून एक्सपोर्ट 1080 (फुल एचडी) मध्ये करण्याचा फायदा कोणी सांगत नाही, म्हणून तो सांगतो. क्षितिज दोन अंशांनी सरळ करायचं तर कोपऱ्यातले काळे त्रिकोण लपवायला चित्र सुमारे सहा टक्के मोठं करावं लागतं. फोर-केमधून 1080 काढताना दुपटीची मोकळीक हाताशी असते, त्यामुळे हे विनातक्रार होतं. रीलसाठी उभा तुकडा कापायचा झाला तर फोर-केच्या आडव्या फ्रेममधून 1215 बाय 2160 चा उभा भाग मिळतो, म्हणजे रीलला लागतो त्याहून जास्त. 1080 मध्ये शूट केलं असतं तर रुंदीला जेमतेम 607 पिक्सेल हाती लागले असते.

वॉटरमार्कचा मुद्दा लवकर आटोपतो. शॉटकट, केडेनलाईव्ह, आयमूव्ही, व्हीएन आणि विंडोज 11 मधला क्लिपचॅम्प यांच्या फुकट एक्सपोर्टवर वॉटरमार्क येत नाही. क्लिपचॅम्प फुकटात 1080 पर्यंतच देतो, हे ध्यानात ठेवा. फिल्मोरा आणि काईनमास्टरच्या फुकट आवृत्तीत वॉटरमार्क येतो. ‘सगळीच मारतात’ हे म्हणणं खोटं आहे.

या सल्ल्यात एक गोष्ट कधीच नसते, आणि मराठी माणसासाठी ती महत्त्वाची आहे. आपण व्हिडिओवर नाव मराठीत टाकतो. काही सॉफ्टवेअरमध्ये, किंवा चुकीच्या फाँटमुळे, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसतात. म्हणून निवड पक्की करायच्या आधी शीर्षकात ‘त्र्यंबकगड’ आणि ‘हरिश्चंद्रगड’ टाईप करून बघा. सॉफ्टवेअरमध्ये बिघडलं तर एक्सपोर्ट केलेल्या व्हिडिओतही बिघडणारच. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी असा युनिकोड फाँट घेऊनही अक्षरं नीट येत नसतील, तर ते सॉफ्टवेअर आपल्या कामाचं नाही, मग ते हॉलिवूडमध्ये कितीही चालत असो.

नव्याने निवडणाऱ्याला माझं सांगणं असं. विंडोज किंवा लिनक्स असेल तर शॉटकट, ॲपलचा संगणक असेल तर आयमूव्ही, संगणकच नसेल तर फोनवर व्हीएन. आपल्याच ड्रोनची एक क्लिप घ्या. तिच्यातून तीन तुकडे काढा, एकाचं क्षितिज सरळ करा, मराठीत नाव टाका, यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं एखादं संगीत खाली लावा आणि एक्सपोर्टला टाका. शॉटकट आणि आयमूव्ही दोन्ही पहिल्या क्लिपवरून प्रोजेक्टचा आकार ठरवतात, म्हणून फोनवरचा व्हिडिओ मिसळायचा असेल तरी सुरुवात ड्रोनच्या क्लिपने करा. एका बैठकीत एवढं उरकलं, तर सॉफ्टवेअर तुमच्यासाठी योग्य आहे. अडलात तर कुठे अडलात ते ग्रुपवर नेमकं लिहा, ड्रोनचं मॉडेल आणि लॅपटॉपची रॅम सांगून, म्हणजे उत्तर देणाऱ्याला तुमच्या अडचणीचं उत्तर देता येईल.