राजीनामा दिला की राजीनामा झाला?

नमस्कार.

इंदूरच्या मराठीत 'राजीनामा' म्हणजे तडजोडही, असं मी आधी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, पण लगेच उत्तर लिहायला बसले नाही. तिच्यातला एक मुद्दा मनाला लागला आणि तो रास्त आहे. तुम्ही म्हणता, राजीनामा म्हणजे पद सोडणं, हाच मराठीतला खरा अर्थ. 'भांडण मिटलं, राजीनामा झाला' हे माझं इंदुरी वाक्य म्हणजे हिंदीच्या नादानं बिघडलेली मराठी. आणि वर मीच लिहिते की राजीनाम्याचा मूळ अर्थ मराठीनं बिघडवला!

शेवटचं आधी. 'मराठीनं अर्थ बिघडवला' हे मी लिहायला नको होतं. चुकलेच. ते वाक्य आज काढून टाकलं. पण 'बिघडलेली मराठी' हा शिक्का मला मान्य नाही.

शब्द दोन तुकड्यांचा आहे. 'राजी' अरबीतून आलेला, 'नामा' फारसीतला. राजीच्या मुळाशी संतोष आणि संमती आहे, आणि त्याचं गणगोत आपण रोज वापरतो: साहेबांची मर्जी असेल तर रजा मिळते, नाहीतर आपण नाराज. मर्जी, रजा, नाराज, तिन्ही एकाच घरातले. नामा म्हणजे लिहिलेला कागद. म्हणजे राजीनामा हा 'मी राजी आहे' असं लिहून दिलेला कागद. त्यात नोकरीही नाही आणि भांडणही नाही. कशाला राजी, ते शब्द सांगत नाही. ती जागा ज्यानं त्यानं आपापल्या गरजेनं भरली.

कंपनी सरकारच्या कोर्टात फिर्यादी लिहून द्यायचा की माझं समाधान झालं, दावा काढून घेतो. तो राजीनामा. उत्तरेकडे हाच अर्थ टिकला. मुंबई इलाख्याच्या महसुली दप्तरात मात्र जमीन सोडणारा राजीनामा लिहून द्यायचा आणि ती घेणारा कबुलायत, म्हणजे ती कबूल असल्याचा कागद. १८७९च्या जमीन महसूल कायद्याच्या अमलात ही जोडी सर्रास दिसते. जमीन राजीखुशीनं सोडली काय आणि पद सोडलं काय, अंतर एका पावलाचं. आपला अर्थ याच वाटेनं पक्का झाला असावा असं मला वाटतं.

तुमच्या बाजूनंही सांगते: पद सोडण्याच्या अर्थाला सोबत मोठी आहे. गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ, इतकंच काय नेपाळीसुद्धा. मल्याळीत तर नुसत्या 'राजी'वर काम भागतं. पण तेलुगूत गंमत बघा, 'राजीनामा' म्हणजे पद सोडणं आणि 'राजी पडणं' म्हणजे तडजोड करणं. दोन्ही अर्थ एकाच भाषेत शेजारी नांदतात, कुणी कुणाला बिघडवत नाही. इराणात ऑपरेशनआधी नातेवाईक ज्या संमतिपत्रावर सही करतात ते 'रेझायतनामे', आणि नोकरी सोडणं म्हणजे 'एस्तेफा', आपल्या हिंदीवाल्यांचा इस्तीफा. त्या इस्तीफ्याचं मूळ माफीच्या घरातलं आहे: मला माफ करा, मोकळं करा. हिंदीत पद सोडणारा सुटका मागतो, मराठीत तो आपण राजी असल्याचं लिहून देतो. हा फरक मला फार आवडतो.

आता इंदूर. रामबागेत आमच्या काकांचा शेजाऱ्यांशी सामाईक भिंतीवरून नऊ वर्षं दावा चालला होता. एका शनिवारी लोक अदालतीत तो मिटला. काका घरी आले ते पेढे घेऊनच. आईनं पुण्याला आत्याला फोन लावला, "वन्सं, भाऊजींचा राजीनामा झाला!" पलीकडे आत्या रडवेली. बँकेतली एवढी चांगली नोकरी, वर धाकटीचं लग्न तोंडावर. समजूत घालायला दहा मिनिटं लागली.

तो कागद मी पाहिला आहे. लांबट कागदावर टाइप केलेलं हिंदी: "उभय पक्षों के मध्य राजीनामा हो गया है, अब कोई विवाद शेष नहीं है." खाली एकाशेजारी एक दोन सह्या. काकांची मोडीच्या वळणाची, शेजाऱ्यांची थरथरती. नोकरीच्या राजीनाम्यावर सही एकाचीच असते. इथे दोघं राजी झाल्याशिवाय कागदच होत नाही, म्हणून आमच्याकडे हा राजीनामा कुणी 'देत' नाही, तो 'होतो'. मध्य प्रदेशात आजही कोर्टाच्या आवारात वकील तडजोडीनं मिटण्याजोग्या खटल्याला 'राजीनामा योग्य प्रकरण' असंच म्हणतात.

तेव्हा शब्द हिंदीच्या शेजारातून आला हे तुमचं म्हणणं बरोबर, पण तो बिघडून आलेला नाही. मुळातल्या 'राजी'शी तो आपल्या नेहमीच्या अर्थापेक्षा जास्त जवळ आहे. आणि इंदूरच्या मराठी घरांनी आपला अर्थ टाकलेलाही नाही. दोन्ही सांभाळले, क्रियापदानं वेगळे ठेवले.

चार वर्षांनी काकांनी खरोखरच बँक सोडली. आईनं पुन्हा तोच फोन लावला, "वन्सं, भाऊजींनी राजीनामा दिला." या वेळी आत्यानं एवढंच विचारलं, "फंडाचे पैसे कधी मिळणार?"