चिवट, कणखर आणि डिंकाचा लाडू

गेल्या रविवारी नातीने वही पुढे केली आणि विचारले, "आजोबा, 'टफ'ला मराठीत काय म्हणतात? मराठीच्या वर्गात पाच शब्द न्यायचे आहेत." अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे पोलादाचे तुकडे मोडण्यात घालवलेल्या निवृत्त माणसाला असा प्रश्न विचारू नये, हे तिला अजून कोणी सांगितलेले नव्हते.

मी तिला बजावले की टफ म्हणजे कठीण नव्हे. १८१२ साली मोस नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने संगजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० असे काठिण्याचे क्रमांक दिले. पण ती पट्टी कोण कोणाला ओरखडू शकतो एवढेच सांगते. इतरांना ओरखडणारा तोच हिरा हातोड्याच्या एका घावाने फुटू शकतो. म्हणून आम्ही खाच पाडलेल्या धातूच्या तुकड्यावर लोलकाचा हातोडा सोडत असू आणि मोडण्यापूर्वी त्याने किती ऊर्जा गिळली ते मोजत असू. ती गिळण्याची ताकद म्हणजे चिवटपणा. नातीने एवढ्या व्याख्यानातून 'चिवट' हा एकच शब्द उतरवून घेतला.

उरलेले शब्द घरच्यांनी पुरवले. मऊ पडलेली चकली वातड आणि मंडईतून मी आणलेली भेंडी निबर, असे दोन शब्द स्वयंपाकघरातून आले (दुसरा शब्द देताना सौभाग्यवतींचा आवाज चढला होता). मुलाने 'सख्त' सुचवला. ती हिंदी आहे म्हटल्यावर, इंदुरात सगळे चालते, असे म्हणून त्याने 'कडक' दिला. आमच्याकडे चहापासून इस्त्रीच्या सदऱ्यापर्यंत जे जे उत्तम ते कडकच असते, त्यामुळे मी हरकत घेतली नाही.

पाचवा शब्द शोधत असतानाच रामबागेहून माझी आत्या आली. वय ८६, जिना एकटीने चढलेली, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. "लिही, कणखर," मी नातीला म्हणालो आणि कौतुकाच्या भरात लाडू दाढेखाली घेतला.

आवाज झाला तो लाडवाचा नव्हता. दाताचे वरचे कवच हा मानवी शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असून त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो आणि म्हणूनच ते ठिसूळही असते, हे ज्ञान मला त्या क्षणी अजिबात नको होते. दाढेचा कोपरा तळहातावर होता आणि पाक जास्त झालेला लाडू अखंड होता. नातीने तो खिडकीपाशी नेऊन निरखला. "आजोबा, ओरखडा लाडवावर पडला आहे. म्हणजे दातच जास्त कठीण ना?" शास्त्रीयदृष्ट्या तिचे म्हणणे बिनचूक होते आणि त्याचा मला काडीचाही उपयोग नव्हता. आत्याने मात्र, "पाकाला काय झाले आहे? घाई तुझीच," असे म्हणून आपला लाडू गरम दुधात बुडवला आणि तो विरघळेपर्यंत माझ्या वडिलांच्या दातांचे गुणगान केले.

सोमवारी दंतवैद्यांनी तात्पुरते सिमेंट भरून आठवडाभर मऊ खाण्याची ताकीद दिली. त्याच रात्री सगळे सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गेलो. मी दुधा-रबडीची शिकंजी चमच्याने खात उभा होतो आणि शेजारी आत्या, कवळी नीट बसवून, तळलेल्या गराडूवर (हा एक कंद) जिरावण मसाला आणखी टाकायला सांगत होती.