हार्ड डिस्क फ्रीझरमध्ये ठेवू नका आणि तो मेसेज पुढे पाठवू नका

आमचे नानाकाका चिपळूणला असतात. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं आणि खालच्या खोलीतली कागदांची ट्रंक भिजली. घराण्याचे मोडी कागद, जमिनीचे जुने दस्त, आजोबांची पत्रं. काकांनी एकेक कागद वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून पंख्याखाली वाळवला आणि पुढचं दीड वर्ष बसून सगळे स्कॅन केले. बरेच कागद नंतर बुरशीने गेलेच. त्यामुळे त्यांच्या बाबतीत आता स्कॅन हेच मूळ, आणि ते सगळे एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर.

गेल्या महिन्यात ती डिस्क अडायला लागली. एक फोल्डर उघडायला पाच पाच मिनिटं, मध्येच लॅपटॉप थिजायचा. काकांच्या ग्रुपवर नेमका तेव्हाच तो मेसेज आला: ‘हार्ड डिस्क खराब झाली? दुकानदाराला हजारो रुपये देऊ नका, घरीच करा हे ५ उपाय.’ तुमच्याकडेही आला असेल. त्यांनी मला फोन केला तोवर पहिला उपाय करून झाला होता आणि दुसरा चालू होता. म्हणून हे लिहितोय.

‘डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा.’

अर्धं सत्य आधी कबूल करतो. नव्वदच्या दशकातल्या काही डिस्कमध्ये हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, आतल्या फिरत्या तबकडीला चिकटून बसायचं आणि थंड केल्यावर कधी कधी सुटायचं. ही गोष्ट तिथून आलेली आहे. आजच्या पोर्टेबल डिस्कमध्ये हेड काम नसताना तबकडीवर टेकतच नाही, बाजूच्या उतारावर जाऊन बसतं. जो आजार नाही त्याचं हे औषध.

आणि औषध घातक आहे. डिस्क फिरत असताना हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाचा केस साधारण पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंतराचा अंदाज घ्या. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क सोडल्या तर आत साधी हवाच असते, आणि बाहेरच्या हवेशी दाब जुळावा म्हणून कवचाला बारीक छिद्र असतं. उणे अठरा अंशांतून काढलेली वस्तू कोकणातल्या दमट हवेत आणली की तिच्यावर दव धरतं, ते आतही धरू शकतं. त्या थेंबांवरून हेड मिनिटाला ५४०० फेऱ्यांनी धाववायचं?

काकूने मला व्हिडिओ कॉलवर ती पिशवी दाखवली. खोवलेल्या नारळाच्या डब्याखाली ठेवली होती, आतून पाण्याचे थेंब चिकटलेले. यूएसबीच्या खाचेत पाणी दिसत होतं, ते काकांनी रुमालाने टिपलं आणि वायर जोडली. डिस्क तेव्हाच गेली नाही हे आमचं नशीब. मेसेज लिहिणाऱ्याचं त्यात काही श्रेय नाही.

‘मग चेकडिस्क चालवा, सगळे बॅड सेक्टर दुरुस्त होतील.’

माझा खरा राग या दुसऱ्या उपायावर आहे. फ्रीझरचं ऐकून निदान कोणीतरी थबकतो. चेकडिस्क विंडोजचंच असल्यामुळे सगळ्यांना ते सुरक्षित वाटतं.

बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे खराब झालेले बारीक तुकडे, दुरुस्त वगैरे होत नसतात. चेकडिस्क फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे त्या नोंदींचा, हिशेब जुळवतं. जुळत नाही ते तोडतं, अनाथ तुकडे एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतं. तुमची फाइल वाचवणं हे त्याचं कामच नाही. वीज गेल्यामुळे चांगल्या डिस्कवर गडबड झाली असेल तर जरूर चालवा. पण मरायला टेकलेल्या डिस्कवर ते प्रत्येक सेक्टर वाचायला लावतं, वर तिच्यावरच लिहीत सुटतं. मी फोनवरून थांबवायला सांगितलं तेव्हा अकरा टक्के झालं होतं. तेवढ्यात ‘दस्त १९३०-५०’ हे फोल्डर गायब आणि ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये आकडे लावलेल्या शेकडो फाइली. काकांनी प्रत्येक स्कॅनला तारीख आणि गावाचं नाव दिलं होतं. ती नावं गेली.

माझ्या शब्दावर जाऊ नका. बिघडलेल्या डिस्कवरून डेटा उचलायला जगभर वापरलं जाणारं मोफत साधन म्हणजे जीएनयू डीडीरेस्क्यू. त्याच्या मॅन्युअलमध्ये सरळ ताकीद आहे: वाचताना चुका देणाऱ्या डिस्कवर फाइल सिस्टिम दुरुस्त करायला कधीही जाऊ नका, बहुधा आणखी डेटा गमवाल. आधी प्रत, मग दुरुस्ती, आणि दुरुस्तीही प्रतीवर. डीडीरेस्क्यू पहिल्या फेरीत सहज वाचता येतं तेवढं उचलतं, अडणारे भाग ओलांडून पुढे जातं आणि मग मागे येऊन त्यांना हात घालतं. कुठवर आलो याची नोंद मॅपफाइलमध्ये राहते, म्हणून वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. एकच धोका: कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते. सिरियल नंबर दोनदा बघा. आणि डिस्क टकटक आवाज करत असेल तर हेही करू नका, वायर काढा आणि डेटा रिकव्हरी लॅबशी बोला.

‘नव्या डिस्कवर क्लोन करा आणि जुनी लगेच फॉरमॅट करा.’

क्लोन म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत. चांगली डिस्क एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कवर, न्यायला ती उत्तम. पण ‘लगेच’ कशाला? नव्या डिस्कवरून मशीन सुरू होतंय का ते तरी बघा. फक्त सी ड्राइव्ह उचलला आणि बूटचं छोटं पार्टिशन राहिलं तर विंडोज उठत नाही. जुन्या एमबीआर पद्धतीची (पार्टिशनच्या नोंदी ठेवायची जुनी रीत) डिस्क ४ टीबीवर क्लोन केली तर सुमारे २ टीबीच वापरता येते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. जुनी डिस्क महिनाभर तशीच राहू द्या.

‘गूगल ड्राइव्हला सिंक आहे ना, मग बॅकअपची गरज नाही.’

पुरात ड्राइव्हवरची प्रत वाचली असती, हे मान्य. पण सिंक म्हणजे आरसा. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं, आणि ड्राइव्हच्या ट्रॅशमधून ३० दिवसांनी कायमचं जातं. काकांचे स्कॅन फुकटच्या १५ जीबीत मावतही नाहीत.

‘बॅकअप कम्प्लीट असं दिसलं की निश्चिंत राहा.’

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेस पुसला गेला. मग कळलं की रोजचा बॅकअप कधीपासून फसत होता आणि इशाऱ्याचे ईमेल पोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर भागलं. ही तर ज्यांचा धंदाच हा आहे त्यांची गोष्ट. बॅकअपमधली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय तो बॅकअप धरू नका.

मी पुण्याहून गेलो, पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) चालवून डीडीरेस्क्यू लावलं. दोन दिवस आणि एक रात्र लागली. शेवटी तीन एमबीच्या आसपास भाग वाचताच आला नाही. काकांनी माझ्या लॅपटॉपवर एकेक स्कॅन उघडला. आजोबांचं मुंबईहून आलेलं एक पत्र ‘चि. दत्तूस’पासून चार ओळी दिसतं, खाली सगळं करडं. त्या पत्राचा कागद उरलेला नाही. ‘दस्त’मधल्या फाइलींना काका आता पुन्हा नावं देतायत, रोज वीस-पंचवीस.

एक प्रत काकांकडे माडीवर आहे, एक माझ्याकडे पुण्यात. जुनी डिस्क चिठ्ठी लावून बाजूला ठेवलीय. त्या पत्रासाठी ती लॅबमध्ये न्यायची का, हे काका ठरवतील.