कॅरिबियन बेटं सगळी सारखीच? अजिबात नाही

थंडी पडली की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरायला लागतो. कॅरिबियन बेटं सगळी सारखीच, निळं पाणी आणि पांढरी वाळू. तेव्हा जिथलं तिकीट स्वस्त तिथे जा. जून ते नोव्हेंबर वादळं असतात, तेव्हा नावच काढू नका. अमेरिकेचा व्हिसा असला की चिंता नाही. एका बेटावर उतरलात की बोटीनं शेजारची दोन-तीन उरकता येतात. आणि शाकाहारी असाल तर ठेपले बांधून न्या. सहा वाक्यं, आणि त्यातलं एकही जसंच्या तसं टिकत नाही. (ठेपल्यांना माझा विरोध नाही.)

आधी ते ‘सगळी सारखीच’. अरुबा व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम तीसेक किलोमीटरवर. पाऊस कमी, जमीन सपाट, जिकडेतिकडे निवडुंग, आणि वाऱ्यानं एकाच दिशेला वाकलेली दिवी-दिवीची झाडं. डॉमिनिका याच्या अगदी उलट: ज्वालामुखीचे डोंगर, दाट जंगल, धबधबे आणि बरेचसे काळ्या वाळूचे किनारे. तिथलं उकळतं तळं ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे, ते १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण तळ्यापर्यंत जाऊन यायला पाच-सहा तासांची दमछाक करणारी चढउतार आहे. भारतातून आलेल्या आईबाबांना, गुडघ्यांची तक्रार असताना, ‘बेट ते बेट’ म्हणून तिथे नेलंत तर आठवडाभर हॉटेलच्या बाल्कनीत बसवावं लागेल. आणि ज्याला डोंगर चढायची हौस आहे तो अरुबात तिसऱ्या दिवशी कंटाळेल.

खरं तर एकाच बेटाच्या दोन बाजूही सारख्या नसतात. वारे पूर्वेकडून येतात, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर अटलांटिकच्या लाटा आदळतात आणि पश्चिमेचं पाणी शांत असतं. बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्यावर लहान मुलं निवांत डुंबतात. पूर्वेला बाथशेबाला सर्फिंगवाले खूश असतात, पण तिथल्या प्रवाहांत पोहणं धोक्याचं. हॉटेल स्वस्त दिसलं की ते कुठल्या बाजूला आहे हे आधी नकाशावर बघा.

त्यात २०११ पासून सार्गासमची भर पडली आहे. हे तपकिरी, तरंगणारं समुद्री शेवाळ. वसंतापासून उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत त्याचे प्रचंड पट्टे अटलांटिकमधून वाहत येतात आणि मुख्यतः पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर साचतात. कुजायला लागलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. हॉटेलच्या वेबसाइटवर याचा फोटो कधी दिसायचा नाही. गेल्या दोन आठवड्यांत पाहुण्यांनी टाकलेले फोटो शोधा.

आता वादळं. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम खरा, पण खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्या काळात तिकिटं स्वस्त मिळतात ती उगाच नाही. म्हणजे या सल्ल्याचा पहिला भाग तुम्हाला नेमका सप्टेंबरकडे ढकलतो आणि दुसरा तिथून मागे ओढतो! मात्र सगळी बेटं वादळांच्या वाटेत सारखी येत नाहीत. अरुबा, बोनेअर, कुरासाव आणि त्रिनिदाद इतकी दक्षिणेला आहेत की तिथे थेट तडाखा क्वचितच बसतो. डॉमिनिकाची २०१७ मध्ये मारिया वादळानं धूळधाण केली, जमैकाला ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस मेलिसानं झोडपलं. जोराच्या महिन्यांच्या बाहेरही निर्धास्त राहायची सोय नाही. २९ जून २०२४ ला रोहित शर्माच्या संघानं बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनला टी-२० विश्वचषक जिंकला आणि तिथेच अडकून पडला, कारण बेरिल वादळ येत होतं. विमानतळ बंद. बेरिल बार्बाडोसच्या दक्षिणेकडून गेलं आणि १ जुलैला ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं. विश्वविजेत्यांसाठी खास विमान आलं. तुमच्या-आमच्यासाठी येणार नाही. तेव्हा हंगामात जायचंच तर दक्षिणेकडचं बेट निवडा आणि विमा वादळाला नाव पडण्याआधी काढा, नंतर काढलेला त्या वादळासाठी सहसा चालत नाही.

सगळ्यात घातक वाक्य व्हिसाचं. जमैका, बार्बाडोस, ग्रेनाडा, डॉमिनिका, त्रिनिदाद इथे भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे बरोबर. (नियम बदलतात, बुकिंगआधी पुन्हा तपासा.) पण मार्टिनिक आणि ग्वादलूप म्हणजे फ्रान्स, आणि युरोपचा साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. तरी आत शिरणं हा त्यातला सोपा भाग. अडचण परत येताना होते.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांपैकी कितीतरी जणांचं स्टॅटस चालू असतं, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला असतो. कॅनडा-मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन आलं तर संपलेल्या स्टॅम्पवर परत येण्याची सवलत आहे, आणि लोकांना वाटतं ती जवळच्या बेटांनाही आहे. ती बेटांपुरती फक्त एफ आणि जे व्हिसावरच्या विद्यार्थी-संशोधकांना आहे, क्यूबा सोडून. संपलेला स्टॅम्प घेऊन एच-१बीवर जमैकाला गेलात तर नवा स्टॅम्प मिळेपर्यंत अमेरिकेची दारं बंद. मग तिथल्या माँटेगो बेहून न्यूअर्कऐवजी मुंबईचं तिकीट काढायची वेळ येते. अशा घरांसाठी पोर्टो रिको आहे ना! तो अमेरिकेचाच भाग, विमान देशांतर्गत, आणि सान हुआनचा जुना किल्ल्यांचा भाग बघायला दोन दिवस पुरत नाहीत.

बोटीचं थोडक्यात. जमैका ते बार्बाडोस हे अंतर मुंबई-कोलकात्याहून जास्त आहे. ग्वादलूप, डॉमिनिका, मार्टिनिक, सेंट लुसिया या रांगेत प्रवासी बोटी चालतात. सेंट मार्टिनहून अँग्विला अर्ध्या तासावर. बाकी बहुतेक ठिकाणी विमान, तेही बहुधा महाग आणि आठवड्यातून मोजके दिवस.

उरले ठेपले. ३० मे १८४५ ला ‘फातेल रझाक’ जहाजातून गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेल्या भारतीय मजुरांची पहिली खेप त्रिनिदादला उतरली, आणि आज तिथे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक भारतीय वंशाचे आहेत. दिवाळीची सार्वजनिक सुट्टी असते. रस्त्याकडेला सकाळी ‘डबल्स’ची गाडी लागते: हळदीचे दोन मऊ बारे (तळलेल्या पुऱ्या), मध्ये छोले, वर चिंचेची चटणी आणि कुचेला, म्हणजे कैरीच्या किसाचं लोणचं. गाडीवाला तिखट किती हे विचारतो. ‘स्लाइट’, म्हणजे अगदी थोडं, म्हणा, तरी नाकातून पाणी येतं. डाळपुरी आहे, फुलोरी म्हणजे डाळीच्या पिठाची भजी आहेत. जमैकात रास्ताफारी पंथाच्या लोकांचं ‘आयटल’ जेवण बहुतेक शाकाहारीच असतं, आणि भाजलेला निरफणस मिळतो. कोकणातल्या माणसाला तो परका वाटायचं कारण नाही. उपाशी राहायची वेळ आलीच तर ती बंदिस्त रिसॉर्टमधल्या बुफेवर येते.

क्रिकेटवेड्या घराला तर त्रिनिदादला न्यायलाच हवं. १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर सुनील गावसकर पहिली कसोटी खेळले आणि अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. पण फक्त पोहायचं असेल तर त्रिनिदाद घेऊ नका. शहरात गुन्हेगारी आहे, २०२४ च्या अखेरीस तिथे आणीबाणीही जाहीर झाली होती. रात्री भटकायचं नाही, आणि किनाऱ्यासाठी शेजारचं टोबॅगो बेट गाठायचं. विमानानं अर्धा तासही लागत नाही. डबल्स मात्र त्याआधी सकाळीच खाऊन घ्या, चांगल्या गाड्यांवरचा माल लवकर संपतो.